राउटर बदलूनही वायफाय पुन्हा अडखळतं: नवा घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

लक्षणं घरोघरी सारखीच असतात. दिवसा वायफाय बरं चालतं, संध्याकाळी रखडायला लागतं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो. आतल्या खोलीत मोबाइलवर सिग्नलच्या काड्या दिसतात, पण पान काही उघडत नाही. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. शेवटी नवा राउटर येतो. सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं आणि हळूहळू जुनी तक्रार परत सुरू होते.

नवा राउटर सुरुवातीला चांगला का चालतो, हे बघितलं तर अर्धा उलगडा तिथेच होतो. तो बसवताना सगळ्या केबल काढून पुन्हा घट्ट लावल्या जातात. त्याचा अडॅप्टर नवा असतो. चालू होताना तो आजूबाजूला काय गर्दी आहे ते तपासून त्यातल्या त्यात मोकळा चॅनल (वायफायच्या पट्ट्यातला एक भाग) निवडतो. घरातली जुनी, विसरलेली उपकरणं अजून त्याला जोडलेली नसतात. यातलं बरंचसं काम जुन्या राउटरवरही करता आलं असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की दोष बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे, राउटरच्या डब्यात आहे की हवेत, म्हणजे वायफायच्या सिग्नलमध्ये आहे, हे कळल्याशिवाय राउटर निवडायला बसू नये. ते कळलं की कोणता घ्यायचा हे जवळजवळ आपोआप ठरतं, आणि पुष्कळदा घ्यायची गरजच उरत नाही.

आधी केबल, मग हवा

एक लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि त्याचं वायफाय बंद करा. आता कमांड विंडो उघडून दोन पिंग सुरू ठेवा (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं). एक राउटरच्या पत्त्यावर (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, खात्री राउटरच्या स्टिकरवरून करा) आणि दुसरा बाहेरच्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या पत्त्यावर, उदाहरणार्थ १.१.१.१ किंवा ८.८.८.८. विंडोजवर पिंग थांबू नये म्हणून शेवटी डॅश टी (-t) जोडावं लागतं. हे तपासायचं ते त्रास होतो त्याच वेळी. सकाळी सगळं शांत असताना केलेल्या चाचणीतून काही कळत नाही.

केबलवरून राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, आणि प्रत्येक वेळी यायला हवं. तिथेच उत्तरं गळत असतील तर केबल, पोर्ट किंवा राउटर यांपैकी काहीतरी बिघडलंय. राउटरचं उत्तर नीट येतंय पण बाहेरचं उत्तर गळतंय किंवा शेकडो मिलिसेकंदांवर उड्या मारतंय, तर अडचण लाइनची आहे किंवा लाइन तुंबतेय. केबलवर दोन्ही स्वच्छ आहेत आणि वायफायवर आल्यावर राउटरचंच उत्तर ३, ४, २८०, ३, टाइमआउट, ४ असं धावतंय, तर दोष हवेत आहे. वायफायवरून राउटरपर्यंतचं उत्तर दोन ते पाच मिलिसेकंदांत आलं तर ते चांगलं म्हणायचं.

एवढं केलं तरी तुम्ही अंदाजाच्या पुढे गेलात. लाइन पुरवणाऱ्याकडे तक्रार करतानाही "नेट स्लो आहे" म्हणण्यापेक्षा "केबलवर राउटरचं उत्तर एका मिलिसेकंदात येतं, बाहेरची उत्तरं मात्र गळतात" असं सांगितलं की समोरचा माणूस रीस्टार्ट करायला सांगून फोन ठेवू शकत नाही.

स्पीड ९४ वर अडकला असेल तर

तुमची लाइन २०० किंवा ३०० एमबीपीएसची आहे आणि केबलवरच्या स्पीड टेस्टमध्ये आकडा कायम ९३ ते ९५ च्या आसपास थांबतो, तर कुठेतरी १०० चा जोड आहे. ही खूण फार पक्की आहे. स्वस्तातल्या अनेक ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे वापरणाऱ्या) राउटरना आजही १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. खोक्यावर ठळक अक्षरात १२०० लिहिलेलं असतं आणि पोर्टची माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते.

पण पोर्ट गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असूनही आकडा ९४ वर अडकत असेल तर केबल हातात घ्या. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. १०० च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार प्लगमध्ये नीट बसली नसेल, तर नेट बंद पडत नाही, फक्त गुपचूप १०० वर उतरतं. प्लग उजेडासमोर धरून बघा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा टोकापर्यंत पोहोचलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी मिलिमीटरभर मागे राहिलेली असते, किंवा केबलचं वरचं आवरण प्लगच्या बाहेरच संपतं आणि सगळा ताण बारीक तारांवर येतो. पुढची खिट्टी तुटलेली असेल तर केबल जराशा धक्क्याने सैल होते, आणि "मधूनच जातं" या तक्रारीचं मूळ कधी कधी एवढंच असतं.

लाइन तुंबणं

ही अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती वायफायची वाटते पण वायफायची नसते, आणि तिच्यापायी चांगले राउटर टाकून दिले जातात. तपासायला सोपी आहे. केबलवर बाहेरचा पिंग चालू ठेवा. समजा तो १२ मिलिसेकंदांवर आहे. आता दुसऱ्या उपकरणावरून एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा. पिंग ४०० किंवा ६०० वर गेला आणि अपलोड थांबवताच परत १२ वर आला, तर लाइन तुंबतेय.

होतं असं की अपलोडचा वेग लाइनला झेपेल त्याहून जास्त झाला की जादा माहिती राउटरच्या किंवा मोडेमच्या (लाइन घरात आणणाऱ्या डब्याच्या) मेमरीत रांगेत थांबते. मेमरी भरपूर असली की रांगही लांबलचक होते. तुमच्या कॉलचं एवढंसं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहतं आणि त्याची पाळी येईपर्यंत अर्धा सेकंद गेलेला असतो. या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. संध्याकाळी तो ठळक का होतो? सगळे घरी येतात, सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ एकदम बॅकअपला निघतात. कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं.

उपायही ठरलेला आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली, जी रांगेची लांबी न बघता पॅकेट रांगेत किती वेळ अडकलं ते बघते. तिच्यावर बेतलेली एफक्यू-कोडेल आणि पुढची केक या पद्धती आज अनेक राउटरमध्ये मिळतात. सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू अशा नावाने त्या सापडतील. तिथे अपलोड आणि डाउनलोडचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के टाका. म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्येच लागते, जिथे तिच्यावर ताबा ठेवता येतो. दहा टक्के वेग जातो खरा, पण कॉल तुटत नाहीत, आणि मला तो सौदा दरवेळी पटतो.

एक सांभाळायचं: क्यूओएस नावाचं बटण पुष्कळ राउटरवर असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते फक्त "या मोबाइलला प्राधान्य द्या" एवढंच करतं. रांग ते आटोक्यात ठेवत नाही. आणि खऱ्या एसक्यूएमला प्रोसेसर लागतो. कमजोर राउटरवर ते चालू केलं की वेग लाइनच्या कितीतरी खाली उतरतो. तुमचा दोष हा असेल तर नवा राउटर घेताना अँटेना मोजू नका, त्यात एसक्यूएम आहे का आणि तुमच्या लाइनच्या वेगाला तो पुरतो का, हे बघा. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घेतला तर ही सोय हमखास मिळते, सेटिंगमध्ये थोडा वेळ घालवायची तयारी मात्र हवी.

हवेतला दोष

केबलवर सगळं स्वच्छ आणि वायफायवर गोंधळ असेल तर अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप टाका आणि घरभर फिरा. आयफोनवर अशी बहुतेक अॅप आजूबाजूची नेटवर्क दाखवू शकत नाहीत, तिथे लॅपटॉप वापरा. काड्यांवर विसंबू नका, आकडा बघा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेलात की नाव दिसेल, जोडलंही जाईल, पण काम होणार नाही. ही मोजणी सरळ नसते: तीनने आकडा घसरला की सिग्नलची शक्ती निम्मी होते, दहाने घसरला की एक दशांश.

आणि बोलणं दोन्ही बाजूंनी असतं हे लक्षात घ्या. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोहोचतो म्हणून काड्या दिसतात, पण मोबाइलचा ट्रान्समीटर राउटरपेक्षा दुबळा असतो, त्याचं उत्तर राउटरपर्यंत पोहोचेलच असं नाही. "जास्त ताकदीचा" राउटर आणून शेवटच्या खोलीतली अडचण सुटत नाही ती यामुळे. तिथे राउटरची जागा बदलणं किंवा दुसरं केंद्र जवळ नेणं, हेच उपयोगी पडतं.

जागेबद्दल थोडक्यात. बहुतेक घरांत राउटर लाइन जिथून आत आली त्या कोपऱ्यात असतो, म्हणजे त्याचा बराच सिग्नल भिंतीपलीकडे वाया जातो. तो घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्यावर आणा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची काचेची टाकी, टीव्हीची मागची बाजू, सळ्या असलेली काँक्रीटची भिंत यांच्याआड ठेवू नका. एवढ्यानेच पुष्कळ घरांतला प्रश्न संपतो.

आता गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात, पण वायफायचा एक सिग्नल किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. त्यामुळे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच उरतात: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांचे राउटर १ आणि ६ वर दिसले म्हणून मधला ३ किंवा ४ निवडणं चुकीचं आहे. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट मिसळणाऱ्या चॅनलवर दुसऱ्याचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो आणि पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. १, ६, ११ मधला त्यातल्या त्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० वरच ठेवा. ४० केली की दोन चॅनलची गर्दी अंगावर येते.

रीस्टार्ट केल्यावर तात्पुरतं बरं का वाटतं, याचं एक उत्तर इथे आहे. "ऑटो" चॅनलवरचे अनेक राउटर फक्त चालू होतानाच हवा तपासतात. सकाळी मोकळा दिसलेला चॅनल संध्याकाळी भरून जातो, राउटर मात्र तिथेच बसून राहतो. रीस्टार्ट केला की नवी जागा शोधतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी मोजून चॅनल हाताने ठरवून दिला की हे चक्र थांबतं.

याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ओव्हन सुरू असतानाच त्रास होत असेल तर कारण शोधत बसायला नको. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे यूएसबी ३. या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो. राउटरला मागे हार्ड डिस्क लावली आहे किंवा वायरलेस माउसचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या डिस्कशेजारी खोचला आहे, तर ते काढून एकदा तपासा.

५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त आणि गर्दी कमी, पण भिंतीतून जाताना तो लवकर थकतो. आणि त्याची एक वेगळी खोड आहे. ५२ ते १४४ हे चॅनल बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारचा संकेत मिळाला की नियमाप्रमाणे चॅनल सोडावाच लागतो, आणि अशा चॅनलवर नव्याने जाण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. घरात ते असं दिसतं: ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर गायब होतं, सगळे तुटतात, मग परत येतं. राउटरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदीत) रडार किंवा डीएफएस (रडारसाठी चॅनल सोडण्याची पद्धत) असे शब्द सापडले तर चॅनल ३६ ते ४८ मधला ठेवा आणि विषय मिटवा. १६० मेगाहर्ट्झची रुंदी चालू असेल तर ३६ निवडूनही फायदा नाही, कारण तेवढी रुंदी ६४ पर्यंत पसरते आणि रडारच्या हद्दीत शिरते. ती ८० करा.

डबा स्वतःच बंद पडत असेल

राउटरच्या सेटिंगमध्ये अपटाइम दिसतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. तुम्ही हात लावला नसताना तो काही तासच दाखवत असेल तर राउटर स्वतः रीस्टार्ट होतोय. पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. त्यातले कपॅसिटर उष्णतेने दुबळे होतात, भार वाढला की व्होल्टेज घसरतं आणि राउटर कोलमडतो. बदली घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची ध्रुवता तीच हवी. दुसरा संशय उष्णतेवर. राउटर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असेल तर आधी उतरवा.

दोन राउटर, एकामागे एक

फायबरच्या लाइनसोबत आलेला डबा बहुधा स्वतःच राउटर असतो. त्याच्यामागे आपला नवा राउटर लावला की घरातल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात होणारं भाषांतर दोनदा होतं. वाचणं आणि बघणं चालतं, पण गेम, घरातले कॅमेरे बाहेरून बघणं आणि ऑफिसचं व्हीपीएन यांना त्रास होतो. दोन्ही डब्यांनी १९२.१६८.१ चाच पत्ता धरला असेल तर नेट चालतच नाही किंवा मधूनच जातं. दोन मार्ग आहेत: जुन्या डब्याला ब्रिज मोडवर (राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देणं) टाकायला लावा, किंवा नव्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देणं) ठेवा. आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर दोघे शेजारी बसून एकमेकांची हवा खातात.

आता निवड

खोक्यावरचा मोठा आकडा ही बेरीज असते. एसी (वायफाय ५) १२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७. एएक्स (वायफाय ६) ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. कोणतंही उपकरण साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतं, त्यामुळे ती बेरीज कुणालाच मिळत नाही. २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झच्या रुंदीवरचा आहे. ८० वर नेहमीच्या दोन अँटेनांच्या मोबाइलला १२०१ चा जोड मिळतो आणि प्रत्यक्ष वेग त्याच्याही बराच खाली असतो.

वायफाय ५ फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी आहे. त्या राउटरचा २.४ चा भाग २००९ च्या वायफाय ४ चाच असतो. वायफाय ६ ने दोन्ही पट्टे सुधारले आणि बरीच उपकरणं एकत्र असताना एकच चॅनल त्यांना एकाच वेळी वाटून देण्याची रीत आणली. म्हणून आज नवा घ्यायचा तर मी वायफाय ६ च्या खाली जाणार नाही. वायफाय ७ चं प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. घरातले मोबाइल आणि लॅपटॉप त्याचे नसतील तर त्याच्या खास सोयींचा उपयोग होत नाही, आणि तुमची अडचण लाइन तुंबण्याची असेल तर वायफाय ७ सुद्धा ती सोडवणार नाही.

शेवटच्या खोलीपर्यंत सिग्नल पोहोचत नसेल तर एका मोठ्या राउटरपेक्षा दोन साधे बरे. त्यांच्यामध्ये केबल टाकता आली तर त्यासारखं दुसरं काही नाही. एका भिंतीतून केबल नेण्याचे कष्ट एकदाच पडतात, पण त्याचा फायदा वर्षानुवर्षं मिळतो. केबल शक्य नसेल तर मेश (हवेतून एकमेकांशी बोलणाऱ्या केंद्रांचा संच) घ्या, पण ड्युअल बँड मेश त्याच हवेतून एकदा ऐकतो आणि त्याच हवेतून पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. ट्राय बँडमध्ये आपसात बोलायला वेगळा पट्टा राखता येतो. मेशचं दुसरं केंद्र सिग्नल मेलेल्या खोलीत ठेवू नका. तिथे त्याला पुढे द्यायला काही मिळतच नाही. जिथे सिग्नल अजून उणे ६५ च्या आसपास आहे, अशा मधल्या जागी ठेवा.

सुरक्षेची एक बाजू बघायची राहते: उत्पादक त्या मॉडेलला फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट अजून देतो का, हे त्याच्या संकेतस्थळावरून आधी तपासा. डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या पासवर्ड सुरक्षेची नवी पद्धत) आता सगळ्या चांगल्या राउटरमध्ये असतं. जुना प्रिंटर किंवा बल्ब त्याला जोडला जात नसेल, तर फक्त त्यांच्यासाठी डब्ल्यूपीए २ वरचं वेगळं २.४ चं नाव तयार करा.

आणि जुना राउटर धडधाकट असेल तर तो टाकू नका. त्यात अॅक्सेस पॉइंट मोड नसला तरी चालतं. आधी त्याला १९२.१६८.१.२ सारखा, मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण मोकळा पत्ता द्या, मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा. मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, फक्त चॅनल वेगळा द्या: मुख्य १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर. मोबाइल जवळच्या राउटरकडे वेळेवर उडी मारत नसेल तर दोघांची ट्रान्समिट पॉवर एक पायरी कमी करा. कुठे जोडायचं हे मोबाइल ठरवतो, आणि लांबच्या राउटरचा सिग्नल पुरेसा वाटतो तोवर तो त्याला सोडत नाही.